दौंड ते पुणे : भीती मोडण्याचं शास्त्र

शिरूर तालुक्यात घोड आणि भीमेच्या काठाला ऊस दाट, आणि उसात बिबट्याचा वावर. शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीची मिळते. मग माणूस बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघतो. बांधावरून जाताना शेजारच्या सरीत पाचट वाजतं, आणि ‘बिबट्या’ हा शब्द मनात उमटायच्या आधीच त्याचं अंग तयार झालेलं असतं.

हे ‘आधीच’ फार विलक्षण आहे. कानानं आणलेली खबर मेंदूच्या विचार करणाऱ्या भागात पोचून तिचा अर्थ लागेपर्यंत अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या गाठीनं हुकूम सोडलेले असतात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन ओततात. हृदयाचे ठोके दणदण पडू लागतात. कातडीकडचं आणि पोटाकडचं रक्त मांड्यांच्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात आणि पोटात गोळा येतो. पळताना अंग तापू नये म्हणून घाम आधीच सुटतो. बाहुल्या मोठ्या होतात, श्वास वाढतो, यकृत साखर मोकळी करतं. माणसाला कुणी काही शिकवलेलं नसतं. लाखो वर्षांपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे, आणि ती त्या शेतकऱ्याचा जीव वाचवते.

आता हीच व्यवस्था, हीच रसायनं, तितक्याच जोरानं, सकाळच्या दौंड–पुणे शटलमध्ये कामाला लागलेली पाहा. पाटस मागे पडलं आहे. खिडकीशी बसलेल्या पंचविशीतल्या धडधाकट तरुणाच्या छातीत एकाएकी धडधड सुरू होते. हातापायाला मुंग्या येतात, घशाशी आवळल्यासारखं होतं, समोरची माणसं काचेपलीकडची वाटू लागतात. डब्यात बिबट्या नाही. रोजचे पासवाले आहेत, शेंगदाणेवाला आहे. पण त्याच्या अंगाला बिबट्या दिसतो आहे, आणि मेंदूला तो सापडत नाही. मग मेंदू धोका आतच शोधतो : हा हार्ट अटॅक आहे, मी आत्ता मरणार, किंवा मला वेड लागतंय.

याला पॅनिक अटॅक म्हणतात. साधारण दहा मिनिटांच्या आत तो टोक गाठतो आणि मग आपोआप ओसरतो. कधी तो गाढ झोपेतून माणसाला उठवतो, तेही स्वप्न पडत नसतं अशा झोपेतून, म्हणजे वाईट स्वप्नालाही दोष देता येत नाही. पंचवीस देशांतल्या सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार माणसांच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात आयुष्यात कधी ना कधी असा झटका आलेल्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास निघालं. मात्र त्यातल्या बहुतेकांचं गाडं तिथेच थांबतं. झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले, ‘परत आला तर?’ ही धास्ती महिनाभर तरी मागे लागली, किंवा त्या धास्तीपायी वागणं बदललं, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणायचं. अशांचं प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेर. बहुधा विशीत सुरू होणारा हा विकार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट दिसतो.

झटक्यातलं एकेक लक्षण हातात घेऊन पाहिलं, की शरीराबद्दल आदरच वाटू लागतो. ‘श्वास पुरत नाही’ हे सगळ्यांत घाबरवणारं. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून कित्येक घरांच्या कपाटात पडून आहे. निरोगी माणसानं तो या झटक्यात बोटाला लावला तर आकडा बहुधा ९८ नाहीतर ९९ दिसेल. ऑक्सिजन काठोकाठ आहे! कमी पडतोय तो कार्बन डायऑक्साइड. भीतीनं श्वास भराभर चालला की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. रक्तातला त्याचा दाब एरवी चाळीसच्या घरात असतो (मोजमाप रक्तदाबाचंच, पाऱ्याचे मिलिमीटर), तो मिनिटभराच्या जोरकस श्वासांत विसाकडे उतरू शकतो. त्याबरोबर रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं वळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं आणि आजूबाजूचं जग खोटं वाटू लागतं. हे सगळं खरंच घडत असतं, मनाचा खेळ नसतो. आणि काही मिनिटांत ते पूर्वपदावर येतं. पण त्या क्षणी माणूस काय करतो? हवा कमी पडतेय म्हणून आणखी जोरात श्वास घेतो.

‘चक्कर येऊन चारचौघांत पडेन’ ही दुसरी मोठी भीती. बेशुद्ध पडायला साधारणपणे रक्तदाब एकदम उतरावा लागतो. या झटक्यात तो चढलेला असतो. माणूस पडेल पडेल असं वाटतं, आणि तो जवळजवळ कधीच पडत नाही.

श्वास आणि भीती यांचा संबंध किती खोल आहे, हे एका बाईमुळे कळलं. वैद्यकीय साहित्यात तिची ओळख फक्त ‘एसएम’ या दोन अक्षरांनी आहे. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारानं तिच्या मेंदूतला अमिग्डाला दोन्ही बाजूंनी नष्ट झाला होता. तिला भीती म्हणून वाटत नसे. संशोधकांनी तिला साप हाताळू दिले, भुताटकीच्या वाड्यात फिरवलं, तरी काही नाही. अमिग्डाला हेच भीतीचं घर, हे यावरून पक्कं झाल्यासारखं होतं. मग अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एक श्वास दिला, आणि एसएम मदतीसाठी हातवारे करू लागली. तिच्यासारखाच आजार असलेल्या जुळ्या बहिणींनाही तोच अनुभव आला. तिघींनाही पॅनिक अटॅक आला. २०१३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि एक गोष्ट दिसली : बाहेरच्या धोक्याची भीती अमिग्डालातून जाते, पण ‘जीव गुदमरतोय’ ही आतून उठणारी भीती त्याच्याशिवायही पेटते. मेंदूच्या बुडाशी, श्वासावर पहारा करणाऱ्या भागांतच तिची ठिणगी असावी. ज्यांना पॅनिक डिसऑर्डर आहे त्यांच्यात हा पहारेकरी जास्त हळवा असतो, आणि गुदमरण्याची खोटीच धोक्याची घंटा वाजवतो, असं मत मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ साली मांडलं होतं.

क्लाइन यांची मूळ गोष्ट याहून जुनी आहे, आणि मला ती वैद्यकाच्या इतिहासातल्या सगळ्यांत सुंदर निरीक्षणांपैकी एक वाटते. १९५९च्या सुमारास ते न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये काम करत होते. तिथे काही रुग्ण असे होते, की दिवसातून तीन-चार वेळा ‘मी मरतोय’ म्हणत वॉर्डातल्या नर्सच्या टेबलाकडे धावायचे. नर्स हात धरून वीसेक मिनिटं बसायची, झटका ओसरायचा. त्या काळच्या मानसोपचारानं त्यांना उतार पडत नव्हता. इमिप्रामिन नावाचं औषध तेव्हा नवं होतं. ते एका रुग्णाला सुरू केलं. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणाला, फरक नाही. त्याच्यावर उपचार करणारे म्हणाले, फरक नाही. वॉर्डातली नर्स मात्र म्हणाली, फरक आहे. तो आता टेबलाकडे धावत येत नाही! तेव्हा रुग्णाच्याही ध्यानात आलं, की झटके थांबले आहेत. तरी तो एकटा बाहेर जायला तयार नव्हता. झटका येईल ही धास्ती जशीच्या तशी होती.

म्हणजे एकाच माणसात दोन भीती होत्या. एक अंगात उसळणारी, आणि दुसरी त्या उसळीची वाट पाहणारी. औषधानं पहिली गेली आणि दुसरी राहिली, म्हणून त्या दोन वेगळ्या आहेत हे कळलं. क्लाइन यांनी १९६२ आणि १९६४ साली यावर निबंध लिहिले, आणि १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पॅनिक डिसऑर्डरला स्वतःची जागा मिळाली. त्या नर्सचं नाव मला कुठल्याही वर्णनात आढळलेलं नाही, आणि ते असायला हवं होतं असं मनापासून वाटतं.

दुसऱ्या भीतीचं वर्णन मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेलं होतं. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी तीन पुरुषांबद्दल लिहिलं. मोठा चौक किंवा रुंद रिकामा रस्ता ओलांडायची वेळ आली की त्यांचे पाय जागीच खिळत. सोबतीला कुणी असलं, नुसती हातात काठी असली किंवा पुढून एखादी गाडी चाललेली असली, तरी ते पार जाऊ शकत. थोडी बिअर घेतली तरी जमे. वेस्टफाल यांनी या अवस्थेला अ‍ॅगोराफोबिया म्हटलं. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या ‘चिडखोर हृदया’वर लेख लिहिला. छातीत धडधड, धाप, चक्कर, आणि हृदयात दोष सापडेना. आज ती लक्षणं वाचताना त्यातल्या कित्येकांत आपल्याला पॅनिक दिसतं. एकच आजार दोन टोकांनी दोघांच्या हाती लागला होता, आणि ही टोकं जुळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

अ‍ॅगोराफोबिया म्हणजे नुसती मोकळ्या मैदानाची भीती नव्हे. आज डॉक्टर पाच ठिकाणं विचारतात : बस-रेल्वेसारखा प्रवास, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी, सहा महिने किंवा जास्त, ‘इथे काही झालं तर सुटता येणार नाही, मदत मिळणार नाही’ या भीतीनं माणूस ती ठिकाणं टाळतो. २०१३ पासून हा विकार स्वतंत्र धरतात, कारण तो कधी झटक्यांशिवायही होतो. पण बहुतेक वेळा सुरुवात एका झटक्यानं होते, आणि मग नकाशा आवळत जातो.

शिरूरच्या एखाद्या बाईंचं उदाहरण मनाशी धरू. पहिला झटका रांजणगावला, महागणपतीच्या दर्शनाच्या रांगेत आला. त्यानंतर रांजणगाव सुटलं. मग वाघोलीला माहेरी जायची एसटी सुटली, कारण शिक्रापूरच्या चौकात गाडी अडकली तर उतरणार कुठे? मग आठवडी बाजार सुटला. पुढे लग्नकार्यात मांडवाच्या कडेची खुर्ची, किराणा दुकानापर्यंत मुलाची सोबत, आणि शेवटी अंगणाच्या पुढे नाही. प्रत्येक वेळी टाळलं की हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच आजाराला खतपाणी घालतं, कारण मेंदू हिशेब मांडतो : गेलो नाही म्हणून वाचलो.

इथे एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. पुरुषाचं असं झालं की नोकरी बुडते, म्हणून घर जागं होतं. बाई घराबाहेर पडेनाशी झाली तर कित्येक घरांत ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘आमच्या सूनबाईंना बाहेरची आवड नाही’ असं कौतुकानं सांगितलं जातं. आजार घरंदाजपणाच्या आड लपून राहतो.

आणि लक्षात आलं तरी वाट लांबची असते. ‘जीव घाबरा होतो’ म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं की सलाईन लागतं. बीपी लो असेल, गॅस असेल, अशक्तपणा असेल. मग ईसीजी, टूडी इको, कुणी अँजिओग्राफीही करून घेतं. मधल्या काळात अंगारा, लिंबू, बाहेरची बाधा, देवऋषी. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘काही नाही झालं, मनाला लावून घेऊ नकोस.’ हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला ते ‘तू ढोंग करतोस’ असं ऐकू येतं.

तपासण्या नकोत, असं मुळीच नाही. छातीत पहिल्यांदाच दुखलं, चालताना-जिना चढताना दुखलं, वय चाळिशीपुढचं असलं, मधुमेह किंवा रक्तदाब असला, तर आधी हृदयाचीच तपासणी व्हायला हवी, आणि लगेच. थायरॉईड आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही पाहावं. पण एकदा ते नीट निघालं, की पाचव्यांदा ईसीजी काढल्यानं भीती कमी होत नाही. पुढचा प्रश्न विचारायची वेळ तीच असते.

उपचारातली सगळ्यांत चकित करणारी गोष्ट म्हणजे झटका टाळायला शिकवत नाहीत, तो आणायला शिकवतात. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलं, की झटक्याचं इंजिन गैरसमजावर चालतं. धडधड झाली, तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ लावला, त्या अर्थानं भीती वाढली, भीतीनं धडधड वाढली. हे चक्र वादविवादानं तुटत नाही, कारण अंगाला वाद कळत नाही, अनुभव कळतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला खुर्चीवर बसवून गरागरा फिरवतात, मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगतात, जिना धावत चढायला लावतात. गरगरतं, मुंग्या येतात, छाती धडधडते. ज्याला वर्षभर मरणाची चाहूल समजत होतो ते आपणच मिनिटभरात तयार केलं, आणि पाच मिनिटांत ते गेलं! रुग्णाच्या चेहऱ्यावर त्या वेळी येणारं आश्चर्य हाच उपचाराचा गाभा आहे.

मग पाळी बाहेरच्या जगाची. आणि इथे दौंडकरांच्या हाताशी एक तयार साधन आहे, ते म्हणजे दौंड–पुणे लोहमार्ग. दौंडहून निघालं की पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर आणि पुणे. थोड्या थोड्या अंतरावर उतरायची सोय असलेली इतकी नेटकी शिडी शोधून सापडणार नाही.

समजा, दौंडच्या एका वहिनींना पुण्याला एकटीनं जाता येत नाही. पहिल्या दिवशी दिरासोबत फलाटावर जायचं, शटल येताना आणि सुटताना पाहायची, गर्दीत अर्धा तास उभं राहायचं. हे दोन-तीनदा. मग गाडीत बसून पाटसला उतरायचं आणि परतायचं. छोट्या वहीत चढण्याआधी भाकीत लिहायचं : ‘पाटस यायच्या आत मी चक्कर येऊन पडेन. खात्री : ९० टक्के.’ उतरल्यावर त्याखाली जे झालं ते लिहायचं : ‘धडधड झाली. घाम आला. पडले नाही.’ पुढच्या खेपेला दीर म्हणतो, ‘वहिनी, तुम्ही पुढच्या डब्यात बसा, मी मागच्या डब्यात आहे.’ त्याच्या पुढच्या खेपेला तो दौंडच्या फलाटावरच थांबतो. मग कडेठाण, मग केडगाव. वहीतला आकडा ९० वरून ६० वर, ६० वरून ३० वर येतो. एखाद्या दिवशी तो पुन्हा ८० होतो, आणि त्या दिवशीही गाडीत चढायचंच असतं. नियम एकच : भीती वाटली म्हणून मधल्या स्टेशनवर उतरायचं नाही. ठरलेल्या स्टेशनलाच उतरायचं.

हळूहळू कुबड्याही सोडाव्या लागतात. पाण्याची बाटली, दारालगतचीच जागा, पर्समधली गोळी, सतत कानाला फोन, वाटेतल्या दवाखान्यांच्या पाट्या पाठ करणं. वेस्टफालच्या रुग्णांची काठी ती हीच. काठी हातात असेपर्यंत मेंदू श्रेय काठीला देतो.

यात मेंदूत काय घडतं? जुनी भीती पुसली जात नाही. प्राण्यांवरचे आणि माणसांवरचे प्रयोग सांगतात, की तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते, ‘धडधड होते आणि काही होत नाही’ अशी. दोन्ही आठवणी मेंदूत राहतात, आणि वेळ आली की त्यांच्यात चढाओढ लागते. नव्या आठवणीची खोड अशी, की ती जिथे शिकली तिथलीच असते. केडगावच्या फलाटावर मोडलेली भीती हडपसरच्या गर्दीत पुन्हा डोकं वर काढू शकते. म्हणून जागा बदलून, वेळ बदलून, रिकाम्या गाडीत आणि खच्चून भरलेल्या गाडीत, पुन्हा पुन्हा जावं लागतं. एकदा पुणं गाठलं म्हणजे संपलं, असं नाही. अशा उपचाराला साधारण दहा ते पंधरा बैठका लागतात, आणि बैठकांच्या मधल्या दिवसांतला सराव हाच खरा उपचार असतो.

श्वासाबद्दल आपल्या जिल्ह्याचं एक वेगळं नातं आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामात शरीरात नेमकं काय होतं हे प्रयोगशाळेत मोजायला घेतलं. ‘प्राणायाम म्हणजे भरपूर ऑक्सिजन’ ही समजूत त्यांनी तपासून पाहिली, हे मला फार मोठं वाटतं. पॅनिकमध्ये श्वास संथ करणं, विशेषतः उच्छ्वास लांबवणं, उपयोगी पडतं, कारण त्यानं कार्बन डायऑक्साइड राखला जातो. पण ‘श्वास मोजला नाही तर मरेन’ अशी सक्ती झाली, तर तीही नवी काठीच होते.

औषधांची भीती बाळगू नये. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधं आज पहिल्या पसंतीची आहेत. ती थोड्या मात्रेनं सुरू करतात, कारण पहिल्या आठवड्यात अस्वस्थता किंचित वाढू शकते. हे आधी सांगितलेलं नसलं की रुग्ण तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतो. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही वर्षभर चालू ठेवायला सांगतात. यांची सवय जडत नाही, पण एकदम थांबवूही नयेत. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपामच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या अर्ध्या-एक तासात शांत करतात, म्हणून लोकप्रिय आहेत, आणि त्यांची सवय जडते, म्हणून घातक आहेत. शिवाय गोळीच्या गुंगीत केलेला पाटसचा प्रवास मेंदूला फारसं काही शिकवत नाही. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली तर घ्यावी. दुकानातून वर्षानुवर्षं ‘झोपेची गोळी’ म्हणून आणत राहू नये.

प्रश्न उरतो तो हे सगळं करवून घेणार कोण. बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सर्वसाधारण मानसिक विकार असलेल्या दर शंभरांतल्या ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. इथलं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

पण वाट आहे, आणि ती शिरूर तालुक्यातूनच गेलेली आहे. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयानं डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकारानं १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. डॉक्टर जिथे पोचत नव्हते तिथे त्या पोचल्या. १९९३ साली कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हीच पद्धत मनाच्या आजारांना चालते का, हे गोव्यात तपासलं गेलं. संगाथ संस्थेनं तिथे चोवीस दवाखान्यांपैकी निम्म्यांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसोबत काम करायला लावलं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के.

पाटसपर्यंत सोबत करायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. शिडीच्या पायऱ्या तज्ज्ञानं आखून द्याव्यात, पण पहिल्या दिवशी फलाटावर शेजारी उभी राहणारी आशाताई, दीर, जाऊ, मैत्रीण कुणीही असू शकते. तिला फक्त दोन गोष्टी कळायला हव्यात : झटक्यानं माणूस मरत नाही, आणि ‘चल, घरी परत जाऊ’ असं तिनं म्हणायचं नाही.

तेव्हा घरात कुणाचा असा जीव घाबरा होत असेल आणि हृदयाचे, थायरॉईडचे रिपोर्ट नीट आले असतील, तर ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून विषय मिटवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा पॅनिक अटॅक असेल का?’ घरातली एखादी बाई हल्ली कुठेच जात नसेल, तर तिला जावंसं वाटत नाही की जाता येत नाही, हेही विचारा. पुण्याला ससूनच्या मनोविकार विभागात दाखवता येतं. आणि पुण्यापर्यंत जाणंच अशक्य झालेल्यांसाठी घरातून एक फोन पुरेसा आहे : ‘टेली-मानस’, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडून मराठीत बोलतात.